रित्या हाताने धाडू नये

सौंसरातून नागपूरला गुपचूप जाणं त्या काळी कुणालाच जमत नसे. खुद्द चोर निघाला असता तरी बस-स्टँडवर कुणीतरी त्याचा सदरा धरून विचारलंच असतं, "नागपूरले जाऊन राहिले काय? मंग एवढं एक काम करा माह्यं." आणि चोराने ते मुकाट्याने केलंही असतं, कारण नागपूरच्या कामाला नाही म्हणायची रीत सौंसरात नव्हतीच.

अशा गावात राहून वसंत मास्तरला नागपुरात नोकरी शोधायची होती, आणि तीही कुणाला कळू न देता.

वसंत मूळचा तिगावचा. आईवडील लवकर गेले, थोरला भाऊ पांढुर्ण्याला कापडाच्या दुकानात रमला, आणि वसंत सौंसरच्या मराठी शाळेत गणिताचा मास्तर झाला. त्याला आता सात वर्षं होत आली होती. देवकाबाई नावाच्या एका विधवा बाईच्या घरी, पुढच्या खोलीत तो राहायचा आणि तिच्याच हातचं जेवायचा. गावासाठी तो मास्तर होता, देवकाबाईसाठी वसंता. तो तिला मावशी म्हणायचा. नातं काही नव्हतं, पण त्याला ताप आला की दूध तिच्याच घशाखाली उतरत नसे.

उन्हाळ्यात पांढुर्ण्याच्या प्रेमलतावहिनीने त्याच्यासाठी स्थळ आणलं. मुलगी नागपूरची, नाव अनुराधा. भावाच्या घरी बघण्याचा कार्यक्रम झाला. पोहे खाताना वसंताला ठसका लागला आणि मुलीने कुणी सांगायच्या आत पाण्याचा तांब्या पुढे केला. एवढ्यावर गडी खलास झाला. मुलीचे वडील रघुनाथराव नागपूरच्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांनीही मान डोलावली.

आणि मग राज्यांची फेरवाटणी आली. छप्पन साल होतं. एक नोव्हेंबरपासून नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि सौंसर, पांढुर्णं, सगळा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहणार, राजधानी भोपाळ, हे पक्कं झालं. दाढ दुखण्यापासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत ज्या नागपूरशिवाय सौंसरचं पान हलत नव्हतं, ते नागपूर बसल्या जागी परराज्य होणार होतं. रघुनाथरावांनी पांढुर्ण्याला निरोप धाडला, 'मुलगा सोन्यासारखा आहे. पण मी माझी पोरगी परराज्यात देणार नाही. मास्तरांनी इकडे नोकरी बघावी, मग मुहूर्त काढू.' दोन-तीन तासांच्या वाटेवरचं सौंसर त्यांना परकं झालं, आणि ज्या मुंबईचा समुद्रसुद्धा त्यांनी पाहिला नव्हता ती मुंबई आपली! पण मुलीच्या बापापुढे कोण बोलणार?

सरकारी नोकरांना निदान 'हे राज्य की ते' असं विचारलं तरी जात होतं. वसंताची शाळा जनपद सभेची, म्हणजे तालुक्याच्या स्थानिक मंडळाची. त्याला विचारायला कुणी आलं नाही. त्याची नोकरी त्यानेच शोधायची होती, आणि रघुनाथरावांचा धीर दिवाळीपुढे टिकण्यातला नव्हता.

पोळा झाल्यावर पहिल्याच शनिवारी शाळा सुटताच तो दुपारच्या बसला गेला. हातात फक्त पिशवी. पिशवीत सर्टिफिकिटं आणि एक धुतलेला सदरा. पण तिकीट काढायच्या आतच नत्थूजी शिंप्याने त्याला गाठलं.

"मास्तर, नागपूरले जाऊन राहिले? बरं झालं बापा. माह्या मशीनचा पट्टा आणा एक, चामड्याचा. इथं मिळते तो दोन दिसांत ढिला होते."

पट्ट्यापाठोपाठ कुणाच्या घड्याळाची काच आली, कुणाच्या पेट्रोमॅक्सचं मेंटल आलं, आणि शेजारच्या कलाबाईंनी खणाचा एक तुकडा हातात दिला, याच्याशी जुळेल असं लुगडं बघून ठेवायला. सगळ्यांत शेवटी, मागोमाग स्टँडवर आलेल्या देवकाबाईचा चष्मा. त्याची एक दांडी मोडली होती आणि तिथे तिने काळा दोरा बांधून तो कानाला अडकवला होता.

"मावशी, मी गावाचा हमाल आहो काय?" वसंत वैतागून म्हणाला.

"हमाल कायले होशील? रित्या हातानं धाडू नये माणसाले. सांगितलेलं काम असलं का माणूस वापस येते."

"मी काय पळून चाललो?"

"माहा मुकुंदा पळून थोडाच गेला होता?" देवकाबाई म्हणाली. मुकुंदा तिचा एकुलता एक मुलगा. रेल्वेत लागला आणि झाशीकडे गेला. "जाताना मले विचारलं त्यानं, आई, तुले काय आणू? मी म्हटलं, नाही रे, मले काही नको, तू सुखानं जा. झालं. आठ वर्सं झाली. पत्र येते, तो येत नाही. आता कायले येईल? आणायचंच काही नव्हतं त्याले."

वसंताने चष्मा खिशात घातला. बस सुटायला आली होती.

नागपुरात काय झालं ते थोडक्यात सांगायचं तर लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या गेल्या. पट्ट्याचं दुकान इतवारीत, काच सीताबर्डीत, लुगडी महालात, आणि तो ज्या हेडमास्तरांना भेटायला आला होता ते धंतोलीत. तो घामाघूम होऊन धंतोलीत पोचला तेव्हा हेडमास्तर जेवून झोपले होते. पुढच्या खेपेला दुसऱ्या शाळेत गेला, तर तिथे म्हणाले, सध्या कोण राहतो आणि कोण भोपाळला जातो तेच कळून नाही राहिलं, दिवाळीनंतर बघू. चष्म्याच्या दुकानातही हेच. अशी दांडी शिल्लक नाही, पुढच्या आठवड्यात या. पुढचा आठवडा आला की त्याचा पुढचा. त्यामुळे चष्मा वसंताबरोबर नागपूर-सौंसर वाऱ्या करत राहिला, आणि परत आला की पुन्हा काळ्या दोऱ्याने देवकाबाईच्या कानावर चढत राहिला.

दसऱ्याच्या सुमाराला तो पहिल्यांदाच रघुनाथरावांच्या घरी गेला. देवकाबाईने परसातल्या झाडांची पहिली संत्री टोपलीत भरून दिली होती. अजून पुरती पिवळीही नव्हती. रघुनाथरावांनी टोपलीकडे पाहिलं आणि ते इतके हसले की त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरला.

"मास्तर, नागपूरला संत्री घेऊन आलात? अहो, इथं पोरं त्यांनी चेंडू खेळून राहिली!"

वसंताला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. सौंसरच्या माणसाला ही एक खोडच आहे. समोरचं गाव संत्र्यांचंच का असेना, तो आपली संत्री घेऊनच जाणार, आणि यजमानाच्या दारी ठेवताना छाती पुढे काढणार. अनुराधाने टोपली उचलून आत नेली. जाताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, ही कुणीतरी निवडून दिलेली दिसतात." रघुनाथरावांना ते ऐकू गेलं नाही. वसंताला गेलं.

त्याच्या पुढच्या शनिवारी हार्मोनियमचं प्रकरण झालं. महालातल्या एका शाळेच्या हेडमास्तरांनी त्याला संध्याकाळी सहा वाजता घरी बोलावलं होतं. ही खेप वाया घालवायची नाही असा पण करून वसंत शाळा सुटल्यापासून कुणाला दिसला नाही, बस-स्टँडवर न जाता पुढे रस्त्यात उभा राहून चढला, आणि मनात हसत खिडकीपाशी बसला. बस बोरगावला थांबली. खिडकीत गुणवंताचं डोकं उगवलं. गुणवंता बोरगावच्या भजनी मंडळाचा म्होरक्या.

"मास्तर! देवच पावला. घ्या बरं ही पेटी. भाता फाटला हिचा. काकडा सुरू झाला न पेटी मुकी, काय सांगावं तुम्हाले!" आणि वसंत तोंड उघडायच्या आत हार्मोनियम खिडकीतून त्याच्या मांडीवर आली.

सावनेरच्या पुढे बसचं चाक पंक्चर झालं. नागपूरला पोचेपर्यंत सहा वाजत आले होते. पेटी दुकानात टाकून यायला वेळच उरला नाही. तो तशीच काखोटीला मारून हेडमास्तरांच्या दारी उभा राहिला.

हेडमास्तरांनी दार उघडलं, पेटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "गायनाच्या मास्तरांची जागा भरली हो."

"नाही, मी गणिताचा."

"मग ही?"

"ही बोरगावची आहे."

हेडमास्तरांना काही उलगडेना. वसंताने सगळं समजावून सांगितलं, तसा घोटाळा आणखीच वाढला. गणिताचा मास्तर दुसऱ्या गावच्या भजनाची पेटी घेऊन नोकरी मागायला का आला, हे नागपूरच्या माणसाला कसं कळावं? त्यांनी चहा दिला, सर्टिफिकिटं पाहिली आणि सध्या जागा नसल्याचं सांगितलं. वसंत पेटी घेऊन निघाला तेव्हा गल्लीतल्या एका म्हाताऱ्याने त्याला कीर्तन कुठे आहे म्हणून विचारलं.

त्या रात्री मुक्कामाला तो रघुनाथरावांकडेच गेला. आजचंही हुकलं हे तोंडाने सांगायची गरजच पडली नाही. रघुनाथराव पानाचा डबा पुढे ओढत म्हणाले, "मास्तर, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्ही नोकरी शोधून राहिले की गावाची कामं करून राहिले? दिवाळीपर्यंत बघतो. मग मला दुसरं स्थळ बघावं लागेल. अमरावतीचं एक सांगून आलंय."

 वसंताला गावाचा भयंकर राग आला. नत्थूजीचा, गुणवंताचा, त्या पट्ट्याचा, त्या पेटीचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा, कारण नाही म्हणायला जीभ त्याचीच रेटत नव्हती.

रघुनाथराव पान चघळत ओसरीवर गेले. अनुराधा ताटं उचलायला आली होती. ती पेटीपाशी थांबली, भात्याची फट एका हाताने दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने एक पट्टी वाजवून पाहिली. पेटी दमेकऱ्यासारखी कण्हली. तिला हसू आलं.

"तुमच्यावर सगळे एवढी कामं का टाकतात?" तिने हळूच विचारलं.

तेव्हा वसंताने तिला देवकाबाईचं बोलणं सांगितलं. मुकुंदाचंही सांगितलं. का सांगितलं ते त्यालाही ठाऊक नाही. तिने ऐकून घेतलं. हसणं थांबलं होतं. "म्हणजे तुम्ही परत यावं म्हणून," ती म्हणाली, आणि ताटं घेऊन आत गेली.

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले असताना पोस्टकार्ड आलं. महालातल्या शाळेचे गणिताचे एक मास्तर बायकोच्या नोकरीपायी भोपाळला निघाले होते आणि जागा रिकामी झाली होती. अर्ज केलेले मास्तर पुष्कळ होते, पण हेडमास्तरांना त्यातला एकच लक्षात राहिला होता. कार्डावर मायना होता, 'रा. रा. पेटीवाले गणित मास्तर यांस'. नाव खाली कंसात होतं. दिवाळीची सुटी संपली की रुजू व्हा, असं लिहिलं होतं. गुणवंताच्या फाटक्या भात्यानेच अखेर काम केलं म्हणायचं! रघुनाथरावांनी मार्गशीर्षातला मुहूर्त काढला आणि अमरावतीचं नाव पुन्हा निघालं नाही.

पोस्टमनने कार्ड वाचलं होतं, त्यामुळे वसंत ते वाचेपर्यंत निम्म्या सौंसरला ठाऊक झालं होतं. गावाने त्याचं कौतुक केलं. शाळेने हार घातला. कलाबाईंनी चिवडा दिला. एक नोव्हेंबरला नागपूर परराज्य झालं. त्या दिवशी बस नेहमीसारखीच गेली आणि नेहमीसारखीच उशिरा आली.

देवकाबाईच्या चष्म्यालाही शेवटी नवी दांडी मिळाली होती, आधीच्याच खेपेला. काळा दोरा जाऊन चष्मा चांगला नवरदेवासारखा झाला होता. तो घालून ती रोज संध्याकाळी पोथी वाचायची आणि अधूनमधून पोथीवरून मान वर करून वसंताकडे बघायची. 

निघायचा दिवस शनिवारच होता. ट्रंक आणि वळकटी घेऊन वसंत बस-स्टँडवर आला. सगळं गाव जमलं होतं. त्याने सवयीने खिसा चाचपला आणि नत्थूजीला विचारलं, "नत्थूजी, काय आणायचं? सुया, पट्टा?"

"नाही नाही मास्तर," नत्थूजी गडबडीने म्हणाला. "मशीन मस्त चालून राहिली. तुम्ही आरामानं जा."

"कलाबाई, तुमच्या लुगड्याचं राहिलंच."

"राहू द्या हो मास्तर. मी इथंच पाह्यतो एखादं."

त्याने आणखी दोघा-तिघांना विचारलं. सगळे तेच म्हणाले. काही नाही, मास्तर. काही नको. तुम्ही सुखाने राहा. सात वर्षांत पहिल्यांदाच वसंत मास्तर सौंसरच्या स्टँडवर मोकळ्या हातांनी उभा होता. ज्या कामांना तो जन्माचा कंटाळला होता ती आता कुणी सांगेना. गाव त्याच्याशी वाकडं वागत नव्हतं. कायमच्या चाललेल्या माणसाला अडकवून ठेवू नये, म्हणून त्याला हातातून सोडून देत होतं. हे त्याला समजत होतं, आणि समजत होतं म्हणूनच सोसत नव्हतं.

देवकाबाई स्टँडवर आली नव्हती. सकाळी त्याने तिच्या पाया पडून विचारलं होतं, "मावशी, तुम्हाले काय आणू?" आणि ती म्हणून गेली होती, "नाही रे, मले काही नको. तू सुखानं..." एवढं बोलून ती मध्येच थांबली, चुलीकडे वळली आणि मग वळून पाहिलंच नाही. तिला रडू आलं असेल असं समजून वसंत निघून आला होता.

ड्रायव्हरने बस चालू केली. कंडक्टरने दोरी ओढली. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "थांबवा, थांबवा, देवकाबाई येऊन राहिली!"

देवकाबाई पळत येत होती. साठीला टेकलेली बाई, पदर सुटलेला, पायात वहाण नाही. समोरची सायकल तिला दिसली नाही, ती तिच्यावर आपटली आणि तशीच पुढे आली. बसच्या पत्र्याला हात लावत, चाचपत चाचपत तिने खिडकी शोधली.

"वसंता? कोन्त्या खिडकीत आहे रे?"

"इथं मावशी, इथं."

तिने फडक्यात गुंडाळलेला चष्मा आत दिला. दम लागल्याने तिला बोलवत नव्हतं. "हा चष्मा... बिघडला बापा. काहीच दिसून नाही राहिलं यातून. नागपूरले दाखव अन् घेऊन ये. घाई नाही. तुह्या सवडीनं."

"मावशी, तोपर्यंत तुम्ही—"

"माह्यं काय अडते? तू जा. पण घेऊन ये मात्र."

बस हलली. वसंताने मान बाहेर काढून पाहिलं. देवकाबाई घराकडे वळली होती. एक हात भिंतीला लावून, पायाने रस्ता चाचपत ती चालत होती. कुणीतरी धरायला पुढे गेलं, तर तिने त्याला झिडकारलं.

बोरगावला बस थांबली. गुणवंता रस्त्याच्या कडेला उभा होता. हात रिकामे. त्याने लांबूनच ते जोडले. "राम राम मास्तर. पेटी चांगली वाजून राहिली," तो म्हणाला, आणि बस गेली तरी तसाच उभा राहिला.

सावनेर आल्यावर वसंताने फडकं सोडलं. दोन्ही काचा धडधाकट होत्या. दांड्या धडधाकट होत्या. त्याने चष्मा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. फडक्याच्या टोकाने काच पुसून उजेडात धरली. एक चरासुद्धा नव्हता. शेजारचा प्रवासी म्हणाला, "काय झालं गुरुजी, मोडला काय?"  वसंताने मान हलवली आणि चष्मा सदऱ्याच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवला. तो रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

नवी शाळा चांगली होती. पोरं व्रात्य होती, म्हणजे हुशार होती. हेडमास्तर त्याला अजून पेटीवालेच म्हणत. पण आठवडाभर त्याचा हात राहून राहून खिशाकडे जात होता. आता ती भाजी कशी निवडत असेल? विळीवर बसली असेल? पोथीचं काय करत असेल?

आठवडा भरला तेव्हा शनिवारी तो रघुनाथरावांकडे चहाला गेला. नमस्काराला वाकताना चष्मा खिशातून पडता पडता राहिला.

"हा कुणाचा?" रघुनाथरावांनी विचारलं.

"देवकाबाईंचा. दुरुस्तीला दिला आहे त्यांनी."

"मग झाला असेल तर पार्सलने पाठवून द्या. आता काय, दुसरं राज्य झालं ते. उठलं की गेलं असं थोडंच?"

"काच फुटेल, बाबा," अनुराधा आतल्या दारातून म्हणाली. तिने बशी खाली ठेवली, चष्मा हातात घेतला, दोन्ही दांड्या उघडून पाहिल्या, काचेतून खिडकीकडे पाहिलं. मग वसंताकडे. त्याच्या तोंडाकडे पाहून तिला कळायचं ते कळलं असावं.

"याला काय झालंय?" तिने विचारलं.

"काही नाही."

"मग उद्याच जाऊन द्या," ती म्हणाली. आणि वडिलांसमोर असं बोलावं की नाही याचा क्षणभर विचार करून पुढे म्हणाली, "आणि येताना माझं एक काम करा. सौंसरहून चार संत्री आणा मला. देवकाबाईंच्या झाडाची."

रघुनाथरावांचा चहा बशीतच राहिला. "नागपुरात बसून सौंसरची संत्री?" ते म्हणाले. "अगं, कोपऱ्यावर गाडी उभी आहे!"

"असू दे," अनुराधा म्हणाली.

रविवारी पहिल्या बसने वसंत निघाला. सौंसरला उतरला तेव्हा स्टँडवर नत्थूजी बसला होता. तो उठला, जवळ आला, त्याने वसंताच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मास्तर, परत जाणार ना तुम्ही?"

"संध्याकाळच्या बसने."

"मंग... मशीनचा पट्टा ढिला झाला जी," नत्थूजी म्हणाला. त्याचं तोंड फुललं होतं. "परवाच झाला. कोणाले सांगावं, समजून नव्हतं राहिलं."

वसंत घरी पोचला. देवकाबाई परसात झाडाखाली बसून तांदूळ निवडत होती, म्हणजे ताटातून बोटं फिरवत होती. डाव्या हाताच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. विळीवर कापलं असणार. पावलं वाजली तशी तिने मान वर केली.

"कोण हाय?"

"मी, मावशी. चष्मा झाला."

 तिने हात पुढे केला. वसंताने तिच्यापुढे उकिडवं बसून स्वतःच्या हाताने चष्मा तिच्या कानांवर चढवला. देवकाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग त्याच्या सदऱ्याच्या तुटलेल्या बटणाकडे, मग पुन्हा तोंडाकडे.

"वाळला," ती म्हणाली.

"तुमचा अंगठा पाहू."

"अंगठ्याले काय धाड भरली? चांगला केला बापा चष्मा. लख्ख दिसून राहिलं." तिने पदराने नाक पुसलं. "अन् आता असं कर, येत्या खेपेले माह्यासाठी समईच्या वाती आण. त्या नागपुरी चांगल्या राहतात."

"आणतो. पण मलेही एक काम सांगितलं आहे कोणी तरी. तुमच्याकडून चार संत्री न्यायची आहेत."

"कोणी सांगितलं?"

"अनुराधानं."

देवकाबाईची बोटं तांदळातच थांबली. "काऊन? नागपूरले संत्री भेटत नाहीत काय?"

"भेटतात. तिच्या घराच्या कोपऱ्यावरच भेटतात."

देवकाबाईने चष्मा नाकावर नीट बसवला आणि ती वसंताकडे टक लावून बघत राहिली. मग ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं, तरी ती थांबेना.

"पोरगी आपल्याच गावची हाय रे," ती म्हणाली, आणि टोपली घेऊन मोठमोठी संत्री निवडायला झाडाकडे गेली.